‘यामा नवं काय शे?’

धुळ्यात आग्रा रोडच्या एका गॅरेजमध्ये तीन वर्षांपूर्वी माझे विद्यार्थी पत्र्याचा एक खोका घेऊन गेले होते. मी सोबत होतो. दीड वितीचा, केळीसारखा बाकदार, स्टेनलेस स्टीलचा खोका. आत बारीक तारांची घट्ट जाळी. गाडीच्या पुढच्या चाकात, कॅलिपरला, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या पकडीला लागून, चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कच्या कडेवर तो टोपीसारखा बसायचा. ब्रेक दाबला की पॅड आणि डिस्क घासून जी काळी भुकटी उडते ती त्याने हवेत जाऊ न देता आत धरून ठेवायची, अशी पोरांची कल्पना. गॅरेजच्या आप्पांनी खोका हातात घेतला, आतून बोट फिरवलं, उजेडाकडे धरून जाळी पाहिली आणि विचारलं, ‘‘सर, यामा नवं काय शे?’’

पोरं हिरमुसली. पण आप्पांनी हा प्रश्न कुणाचा पाणउतारा करायला विचारला नव्हता. दालमिलमध्ये फोलपटं आणि पावडर ओढून घेणारी नळकांडी त्यांनी पाहिली होती. जिनिंगमध्ये कापसाची धूळ अडवायची धडपड पाहिली होती. डिस्कच्या मागे कंपनीच बसवते तो पातळ पत्रा तर ते रोज ठोकून सरळ करतात. धूळ उडते तिथे काहीतरी आडवं लावायचं, हे त्यांना नवं नव्हतं. मग यात नवं ते कोणतं, एवढंच त्यांना समजून घ्यायचं होतं.

पुढे पेटंटचा अर्ज गेला आणि काही काळाने पेटंट कार्यालयाचा पहिला परीक्षण अहवाल आला. कलमांचे आकडे होते, परदेशी कागदपत्रांचे दाखले होते, भाषा इंग्रजी होती. सगळं बाजूला केलं तर आत आप्पांचाच प्रश्न उरत होता. आप्पा आठवीपर्यंत शिकलेले, परीक्षक तंत्रशिक्षण घेतलेला. दोघांनी नेमकं एकाच जागी बोट ठेवलं.

पेटंटच्या परीक्षणाकडे आपण खान्देशात अजून परीक्षा म्हणून पाहायला शिकलेलो नाही. ते आपल्याला एक सरकारी सोपस्कार वाटतं, ज्याच्या शेवटी भिंतीवर लावायला कागद मिळतो. आणि ‘यात नवं काय’ याचं उत्तर ज्याच्या हातात असतं, तो माणूस अर्ज लिहिला जातो तेव्हा खोलीत नसतो. मला या दोन्ही गोष्टी बदलायला हव्या आहेत, म्हणून हा लेख.

आधी त्या भुकटीबद्दल. गाडीच्या प्रदूषणाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर सायलेन्सर येतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानकं लागू झाली आणि सायलेन्सरमधून काय निघावं यावर कडक मर्यादा आल्या. ब्रेकमधून काय निघतं याला त्या मानकांत मर्यादा नाही. डिस्क बिडाची असते. पॅडमध्ये राळ, धातूचे तंतू, ग्रॅफाइट, काही पॅडमध्ये तांबं. दर वेळी पाय ब्रेकवर गेला की या सगळ्याचा थोडाथोडा भुगा होतो. त्यातले मोठे कण रिमवर बसतात, तेच आपण कापडाने पुसतो. १० मायक्रॉनहून लहान कण हवेत राहतात आणि श्वासाबरोबर आत जातात. घाटाच्या पायथ्याशी टपरी टाकून बसलेला माणूस, सिग्नलवर उभा असलेला वाहतूक पोलीस आणि दिवसभर चाकांशी तोंड नेऊन काम करणारा मिस्तरी यांना ही भुकटी इतरांपेक्षा जास्त मिळते. ट्रकच्या ब्रेकच्या ड्रममधली लायनरची, म्हणजे घासणाऱ्या अस्तराची धूळ एअर गनने फुंकून काढायची पद्धत तर सर्रास आहे. मिस्तरी तेव्हा फार तर तोंड फिरवतो. त्याने तसं करू नये, ओल्या कापडाने पुसावं, हे मी प्रत्येक गॅरेजात सांगत आलो आहे.

युरोपने आता हा विषय कायद्यात घेतला. ‘युरो ७’ हा नियम २०२४ मध्ये मंजूर झाला आणि त्यात ब्रेकच्या कणांवर पहिल्यांदाच मर्यादा आली. साध्या इंजिनच्या आणि हायब्रिड मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, पूर्ण विजेवर चालणाऱ्या मोटारींना ३ मिलिग्रॅम. विजेच्या गाडीला कमी, कारण तिथे मोटरच वेग उतरवते आणि पॅड कमी घासतात. २९ नोव्हेंबर २०२६ पासून मोटारींच्या नव्या प्रकारांना हे लागू होतं. मोजायचं कसं, तेही आधीच ठरलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर २०२३ मध्ये एक जागतिक पद्धत मान्य झाली. ब्रेक बंद पेटीत फिरवायचा, पेटीतून ठरलेल्या प्रमाणात हवा खेळवायची आणि त्या हवेतले कण गाळून तोलायचे.

आपली मानकं आजवर युरोपच्या मागोमाग आली आहेत. बीएस-४ तशी आली, बीएस-६ तशी आली. ब्रेकची मर्यादाही कधीतरी येईल असं मी धरून चालतो. तेव्हा उत्पादकांपुढे थोडे रस्ते असतील. पॅडचं मिश्रण बदला, डिस्कवर कठीण लेप द्या, किंवा उडणारी धूळ जागीच पकडा. पकडायच्या रस्त्यावर जर्मनीची मान अँड हुमेल कंपनी कॅलिपरजवळ बसणाऱ्या गाळणीच्या खोक्यावर बरीच वर्षं काम करते आहे. फ्रान्सच्या तालानो कंपनीने पॅडपाशीच धूळ शोषून घेण्याची यंत्रणा केली आहे. पेटंटच्या वर्गीकरणात या वस्तूंचा एक स्वतंत्र कप्पाच आहे, एफ१६डी ६५/००३१. हा क्रमांक मी मुद्दाम देतो आहे. पेटंट शब्दांनी शोधायला गेलं तर माणूस चकतो, कारण एकजण त्याच वस्तूला हाउसिंग म्हणतो, दुसरा केसिंग, तिसरा कलेक्टर, चौथा श्राउड. कप्प्याचा क्रमांक टाकला की सगळे एका जागी भेटतात, तेही फुकट आणि चित्रांसकट.

आता परीक्षकाने काय करायचं असतं ते पाहू. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार शोध नवा हवा, त्यात शोधक पाऊल हवं आणि तो उद्योगात वापरता यायला हवा. शोधक पाऊल म्हणजे त्या कामातल्या जाणत्या माणसाला सहज सुचलं नसतं असं काहीतरी. आमच्या खोक्याचा पहिला दावा, ज्याला सगळे क्लेम म्हणतात, साधारण असा होता: डिस्कच्या परिघाचा काही भाग झाकणारा खोका, डिस्कच्या बाजूला उघडं तोंड, आत उष्णता सोसणारी जाळी, आणि कॅलिपरच्या बैठकीला खोका आवळण्यासाठी पट्टी. परीक्षक या वाक्याचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा जगात आधी कुठे छापला किंवा वापरला गेला आहे का ते शोधतो. सगळे तुकडे एकाच जुन्या कागदात सापडले तर नावीन्य गेलं. दोन कागदांत विखुरलेले सापडले, तर जाणत्या माणसाला ते दोन कागद एकत्र आणायचं सहज सुचलं असतं का, असा पुढचा प्रश्न. शिवाय कलम ३ च्या (एफ) खंडाप्रमाणे माहीत असलेली साधनं शेजारीशेजारी मांडली आणि प्रत्येक जण आपापलं जुनंच काम करत राहिला, तर तो शोध धरला जात नाही.

आमच्या पहिल्या दाव्याचे चारही तुकडे सापडले. त्यात नवल काही नव्हतं. नवल वाटावं अशी गोष्ट त्या दाव्यात नव्हतीच, ती आप्पांच्या गॅरेजमध्ये राहून गेली होती.

तो प्रसंग सविस्तर सांगतो. पहिला खोका बसवून आम्ही एका जुन्या मोटारीने सेंधव्याहून बिजासनीचा घाट उतरलो, पळासनेरला थांबलो आणि चाकाशी वाकलो. करपट वास येत होता. डिस्कवर निळी झाक आली होती. डिस्क तापली की तिला थंड करायला वारा लागतो आणि आम्ही नेमका तोच अडवला होता. ही गंमतीची गोष्ट नव्हे. ब्रेकची उष्णता कॅलिपरमधल्या तेलात उतरते. डॉट-३ जातीचं ब्रेकचं तेल अगदी नवं आणि कोरडं असेल तर २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण मुरलेल्या पाण्याने तो आकडा पुष्कळ खाली येतो. आणि तेल उकळलं की पेडल पोकळ होऊन खाली जातं. जुलै २०२३ मध्ये याच पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना उडवत हॉटेलात शिरला आणि किमान दहा माणसं गेली. त्या कंटेनरचे ब्रेक वेगळ्या जातीचे होते आणि त्यावर कसला खोकाही नव्हता. पण त्या वळणावर उभं राहून ब्रेक तापवणारी वस्तू चांगली आहे असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. गाडी थंड होईपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.

परत आल्यावर आप्पांनी डिस्कवरची झाक पाहिली, खोका काढला आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग पत्र्याच्या कात्रीने त्यांनी खोक्याची हबकडची, म्हणजे चाकाच्या मध्याकडची भिंत जवळजवळ निम्मी कापून टाकली. पोरं ओरडली, धूळ निघून जाईल! आप्पांनी बाहेरच्या कडेचा पत्रा पक्कडीने आत वळवला, डिस्क ज्या दिशेने फिरते तिच्या उलट तोंड करून. ‘‘सुपले काठ ऱ्हास ना, तसा करा,’’ ते म्हणाले. सुपाला काठ असतो म्हणून दाणा आत राहतो आणि वारा फोलपट घेऊन जातो. फिरती डिस्क धूळ बाहेर भिरकावते, ती या वळवलेल्या काठात अडते आणि जाळीकडे सरकते. हवा मात्र हबकडून शिरून बाजूने निघते.

दुसऱ्या खेपेला डिस्क निळी पडली नाही. सराफ बाजारातल्या एका ओळखीच्या पेढीवर मिलिग्रॅम दाखवणारा काटा होता. तिथे आम्ही घाटाआधी आणि घाटानंतर जाळी तोलली. पेढीवरच्या काकांनी आधी पांढरा कागद अंथरायला लावला आणि नंतर काटा दोनदा पुसून घेतला. पहिल्या खोक्यापेक्षा धूळ थोडी कमी मिळाली, पण मिळाली. ही काही प्रयोगशाळेतली मोजणी नव्हे. तरी दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात होत्या, धूळ धरायची तर वारा अडतो आणि वारा सोडायचा तर धूळ सुटते, आणि एका वळवलेल्या पत्र्याने त्या दोघींना एकत्र नांदवलं होतं. ‘यात नवं काय’ या प्रश्नाला आमच्याकडे असलेलं एकमेव उत्तर ते होतं.

आणि ते उत्तर अर्जात नव्हतं. अर्जासाठी लिखाण पहिल्याच खोक्यावरून झालेलं होतं, चित्रं काढून झाली होती, आणि संस्थेला वर्ष संपायच्या आत पेटंट अर्जांचा आकडा हवा होता. शोधक म्हणून चार विद्यार्थी, दोन प्राध्यापक आणि ज्यांनी खोका कधी हातात घेतला नाही अशी आणखी काही नावं गेली. त्यात माझंही नाव होतं. आप्पांचं नव्हतं. कायद्यात ‘खरा आणि पहिला शोधक’ असे शब्द आहेत. मी त्या वेळी जोर लावून बोलायला हवं होतं. मी बोललो, पण जोर लावला नाही, आणि त्याची बोचणी अजून आहे.

अर्ज साधारणपणे अठरा महिन्यांनी प्रकाशित होतो. पण फॉर्म ९ भरून जादा फी दिली तर महिन्याभरातच प्रकाशित होतो. आमचा तसाच झाला. दुसऱ्या दिवशी प्रवेशद्वारावर फलक लागला, ‘पेटंट प्राप्त’ म्हणून. प्राप्त काहीच झालं नव्हतं. प्रकाशित होणं म्हणजे सरकारने तुमचा अर्ज लोकांना वाचायला खुला केला, इतकंच. कुणी तो तपासलेला नसतो. पुढे परीक्षण अहवाल आला तेव्हा ते विद्यार्थी पुण्याला नोकरीला लागले होते आणि संस्थेतल्या कुणालाच त्यात रस उरला नव्हता. उत्तराला सहा महिने असतात. थोडी मुदतवाढ मागता येते. कुणी मागितली नाही, कुणी उत्तर दिलं नाही. कलम २१ प्रमाणे अर्ज सोडून दिला असं धरलं गेलं.

उत्तर द्यायला आम्ही बसलो असतो तरी हाताशी काय होतं? आप्पांचा काठ तेव्हा दाव्यात घालता आला नसता. कलम ५९ त्याची परवानगी देत नाही. अर्जासोबतच्या मूळ तपशिलात जे सांगितलंच नाही ते दुरुस्तीच्या नावाखाली मागून घुसवता येत नाही, आणि हा नियम अगदी योग्य आहे, नाहीतर लोक रिकामे अर्ज टाकून जागा धरतील आणि दुसऱ्याचं पाहून आत भर घालतील. शिवाय कलम १० सांगतं की अर्जदाराला माहीत असलेली सर्वांत चांगली रीत तपशिलात लिहायला हवी. आम्हाला ती अर्जाआधीच माहीत झाली होती आणि आम्ही ती लिहिली नाही. परीक्षक चुकला नाही. आम्ही चुकलो.

मला माहीत आहे, जाणकार वाचक इथे अडवतील. काठ वळवणं हा शोध कसा, ती तर मिस्तऱ्याची हातसफाई. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला आपल्याकडे मोठा आधार आहे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये भांडी कातताना ती यंत्रावर पकडून ठेवण्याच्या एका साधनाचं पेटंट अवैध ठरवलं. जुन्या गोष्टीत केलेली सुधारणा ही कारखान्यातल्या नेहमीच्या सुधारणेपेक्षा काहीतरी अधिक असली पाहिजे, अशी त्या निकालाची कसोटी आहे. आप्पांचा काठ या कसोटीला उतरला असता का, हे मी सांगू शकत नाही. माझी तक्रार इतकीच की तो कसोटीपर्यंत पोहोचलाच नाही. जे तपासण्याजोगं होतं ते आम्ही मागे ठेवलं आणि जे जगाला माहीत होतं ते परीक्षेला पाठवलं.

असं फक्त आमच्याच संस्थेत घडलं असतं तर मी लिहिलं नसतं. राष्ट्रीय क्रमवारीत संस्थांचे गुण मोजताना प्रकाशित आणि मंजूर अशी दोन्ही पेटंटं पाहिली जातात. प्रकाशित व्हायला परीक्षा लागत नाही, उत्तर द्यावं लागत नाही. मग संस्थांनी सोपी वाट धरली तर फक्त त्यांना दोष देऊन भागणार नाही. डिझाइन नोंदणीचंही तेच. २००० च्या डिझाइन कायद्यात वस्तूचं दिसणारं रूप नोंदवलं जातं. ती कशी चालते, तिचं यांत्रिक तत्त्व काय, याचा त्याच्याशी संबंध नाही. तरी खोक्याच्या बाहेरच्या आकाराची नोंदणी करून तिला ‘डिझाइन पेटंट’ म्हणायचं आणि तेही यादीत घालायचं, असं सर्रास चालतं. क्रमवारीतून प्रकाशित अर्जांचे गुण काढून टाकावेत. त्याऐवजी परीक्षण अहवालाला मुदतीत उत्तर दिलेले अर्ज मोजावेत, मग ते मंजूर होवोत की नाकारले जावोत. उत्तर लिहायला बसलेला विद्यार्थी आपल्या वस्तूबद्दल जे शिकतो ते वर्गात शिकवता येत नाही.

सरकारच्या बाजूलाही आकड्याचा मोह आहे. १५ मार्च २०२३ ते १४ मार्च २०२४ या वर्षात पेटंट कार्यालयाने एक लाखाहून अधिक पेटंट दिली, असं सरकारने अभिमानाने सांगितलं. पूर्वी अर्ज वर्षानुवर्षं पडून राहत, ते चित्र बदललं याचा मला आनंदच आहे. पण न्यायालयाने किती जणांना शिक्षा दिली यावरून आपण न्याय मोजत नाही. किती अर्ज नाकारले, किती दावे अरुंद करून मग मंजूर केले, कोणत्या कारणांनी, हेही त्याच ठळकपणे छापलं जावं. परीक्षकाला आपल्या ‘नाही’चीही नोंद होते हे दिसलं पाहिजे.

कुणी म्हणेल, परीक्षा कडक केली की मारला जातो तो लहान माणूस, मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते. मीही काही वर्षं असंच मानत होतो. आता मला उलट वाटतं. समजा उद्या भारतात ब्रेकच्या धुळीवर मर्यादा आली आणि त्याआधी कुणाला ‘डिस्कवर बसणारा, आत गाळणी असलेला कोणताही खोका’ इतक्या ऐसपैस शब्दांत पेटंट मिळून गेलं. अर्ज केल्याच्या तारखेपासून वीस वर्षं देशात असा कोणताही खोका त्याच्या परवानगीवाचून बनवता येणार नाही. दुसरी मोठी कंपनी न्यायालयात जाऊन ते पेटंट पाडून घेईल. जळगावच्या किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत पत्र्याचे सुटे भाग करणारा कारखानदार एका नोटिशीत गप्प बसेल, कारण खटल्याचा खर्च त्याच्या वर्षाच्या कमाईहून मोठा. ढिल्या परीक्षेतून सुटलेलं पेटंट लहान माणसावरच येऊन आदळतं. पेटंट कार्यालयातला तो एक माणूस, ज्याने चार जुने कागद शोधून ‘इतकं रुंद मिळणार नाही’ म्हटलं, त्याने त्या कारखानदाराचं काम त्याच्या नकळत केलेलं असतं. आणि पेटंट ज्या देशात घेतलं तिथेच चालतं. जर्मनीत मिळालेलं पण भारतात कधी न मागितलेलं पेटंट इथे कुणालाही अडवू शकत नाही. पेटंट-वर्गीकरणाच्या त्या कप्प्यातली किती चित्रं इथे मोकळी आहेत ते आपल्या कारखानदारांनी बसून पाहावं.

लहान माणसासाठी सवलतही आहे. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्था यांना ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आणि परीक्षणाची ४,००० रुपये, इतरांना ८,००० आणि २०,०००. खरी अडचण भाषेची आहे. अर्ज आणि तपशील हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा लागतो. आप्पा अहिराणीत विचार करतात, मराठीत हिशेब लिहितात, आणि त्यांची कल्पना तिसऱ्याच कुणाच्या इंग्रजीतून जाते. त्या प्रवासात काठ गळून पडतो आणि खोका तेवढा उरतो. मुंबईच्या कार्यालयाच्या हद्दीत अख्खा महाराष्ट्र येतो. तिथे मराठीत तात्पुरता तपशील स्वीकारावा आणि पूर्ण तपशिलासाठी कायद्याने दिलेल्या बारा महिन्यांत त्याचं भाषांतर घ्यावं, यात मला काहीही अशक्य दिसत नाही.

भाषेची दुसरी बाजू मात्र आपल्या हिताची आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. पेटंट मागताना मराठी चालत नाही, पण पेटंट अडवताना मराठीत छापलेलं चालतं. आधी प्रसिद्ध झालेला मजकूर कोणत्या भाषेत आहे याला महत्त्व नाही. तारीख आणि मजकूर स्पष्ट हवा, आणि पुराव्यात देताना सोबत भाषांतर जोडायचं. कलम २५ प्रमाणे पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही विरोध नोंदवू शकतो. २०२४ पासून त्याला फी लागते. भारतात उघडपणे वापरात असलेली गोष्टही विरोधाचं कारण होते, आणि स्थानिक समुदायात तोंडी चालत आलेलं ज्ञानसुद्धा. तरी तोंडी गोष्ट सिद्ध करणं जड जातं. हळदीचं अमेरिकेतलं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं ते घरोघरी आजी हळद लावते एवढ्यावर नव्हे. सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, छापील आणि लिखित दाखले पुढे ठेवले म्हणून. जळगावची केळी आणि भरिताची वांगी यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हाही कुणीतरी बसून जुने कागद जमवले होते. आपल्या गॅरेजांत, जिनिंगमध्ये, दालमिलमध्ये, भुसावळच्या रेल्वे शेडमध्ये हातांनी जे शोधलं जातं त्याचा कागद कुठे आहे?

आमच्या सोडून दिलेल्या अर्जाचं पुढे काय झालं, तर तो प्रकाशित झाला असल्यामुळे जगभरच्या परीक्षकांसाठी आता जुना कागद आहे. हबकडूनही बंद असलेला तो पहिला खोका, डिस्क निळी करणारा, आता कुणालाच पेटंट म्हणून मागता येणार नाही. आप्पांचा काठ त्यात नसल्यामुळे तो मात्र या लेखापर्यंत कुणाही परक्याला मागता येण्याजोगा राहिला होता.

गेल्या महिन्यात मी गॅरेजमध्ये गेलो. खोका कप्प्यावर होता, त्यात नटबोल्ट ठेवलेले. मी आप्पांना सगळं सांगितलं, कलमांसकट. त्यांच्यापुढे दोन वाटा ठेवल्या: त्यांच्या नावाने अर्ज करायचा, किंवा मापं, फोटो, घाटातल्या दोन्ही खेपांची तारीख आणि काट्यावरची वजनं मराठीत छापून काठ सगळ्यांसाठी मोकळा करून टाकायचा. अर्ज करायचा असेल तर तो छापण्याआधीच करायला हवा, हेही सांगितलं. आणि या लेखात काठाबद्दल लिहायचं ते त्यांनी ठरवल्यानंतरच, असंही कबूल केलं. त्यांनी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी फोन आला. ‘‘छापी टाका सर. पन सुपनी गोट बी लिखज्यात.’’

सुपाची गोष्ट मी वर लिहिली आहे. मापं आणि फोटो स्वतंत्र देतो आहे.